वाद्याच्या पोटातली ओळ

चोर तुम्ही आहात. तुम्ही, कमिटीवाले. एका माणसाच्या दोन गुडघ्यांवर तुम्ही अडतीस वर्षं चर्च चालवलंत. उपासनेला माणसं कमी झाली, करा त्याला उभं. बाहेरगावचे पाहुणे आले, करा उभं. तरुण पोरं मागच्या बाकावर पेंगायला लागली, करा त्याला उभं. "सांगा ना, ऑर्गन आपोआप कसा वाजला ते सांगा." आणि तो सांगत गेला. त्याचं सांगून झालं की तुम्ही रुमालानं डोळे टिपलेत, आमेन म्हणालात आणि घरी जाऊन भरपेट जेवलात. तो घरी जाऊन जेवतो का, कुणाशी बोलतो का, हे तुमच्यातल्या एकानं तरी कधी विचारलं? कशाला विचाराल! तुम्हाला माणूस नकोच होता. तुम्हाला चमत्कार हवा होता, तोही दरवर्षी, तोच, आणि त्याच शब्दांत.

हे सगळं थोरली मनातल्या मनात म्हणाली. मोठ्यानं म्हणायची तिची तयारी होती, पण तोंडात चार स्क्रू धरलेले होते आणि ती स्वतः ऑर्गनच्या पोटात उताणी पडलेली होती. बाहेर चर्चचे चिटणीस उभे होते. त्यांचे फक्त बूट दिसत होते. बूट मात्र चकचकीत.

"होतंय ना उद्यापर्यंत?" बूट म्हणाले.

"हं."

"चर्चला शंभर वर्षं, म्हणजे काही खायचं काम नाही. सगळी मंडळी येणार. आणि ही पाटी तेवढी पुढच्या बाजूला लावायची. मधोमध. फोटोत आली पाहिजे."

बुटांशेजारी एक पितळी पाटी टेकवली गेली. थोरलीनं मान वाकडी करून वाचली. 'ह्या वाद्यातून प्रभू बोलला.' खाली वर्ष. तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीचं.

तिनं स्क्रू तोंडातून काढले. "शंभर वर्षांचं लाकूड आहे. भोक पाडलं तर चीर जाईल."

"तू पाडशील तर नाही जाणार. बापाच्या हाताची आहेस."

"बापाच्याच हाताची आहे, तोच तर घोळ आहे."

चिटणीस हसले. त्यांना तो विनोद वाटला. पाळकाची जागा सहा महिने रिकामी असल्यामुळे हल्ली चर्चमध्ये कुठल्या गोष्टीला हसायचं आणि कुठल्या गोष्टीला मान खाली घालायची, तेही तेच ठरवत होते. बूट निघून गेले. पाटी राहिली.

थोरलीनं विजेरी पुन्हा वर धरली आणि ती ओळ तिसऱ्यांदा वाचली.

त्यांच्या घरात पणजोबांपासून एक शिस्त होती. ऑर्गनची हवापेटी, म्हणजे नळ्यांखालची ती लाकडी पेटी जिच्यात भात्याची हवा साठते, ती जो उघडेल त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं. तारीख, काय बिघडलं, काय केलं. पणजोबा म्हणायचे, गिऱ्हाइकाला काय थापा मारायच्या त्या मारा, पण वाद्याच्या पोटात खोटं लिहायचं नाही. पुढच्या कारागिराचा घात होतो. झाकणावर वर पणजोबांचं टोकदार अक्षर होतं, त्याखाली आजोबांचं जाड. आणि सगळ्यात खाली बाबांचं, अडतीस वर्षांपूर्वीच्या तारखेचं:

'मधल्या सप्तकातला चौथा स्वर हात न लावता वाजतो. झडपेत लाकडाची ढलपी अडकली होती. काढली. कातडं नवं घातलं.'

आणि त्याखाली, दुसऱ्या पेन्सिलीनं, बारीक:

'पाळकसाहेबांना वेगळं वाटलं. मी गप्प बसलो. चूक माझी.'

तिला ती गोष्ट पाठ होती. चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. बाबा तेव्हा तेहतीस वर्षांचे, पिऊन पडणारे, आजोबांनी घराबाहेर काढलेले. शेवटची संधी म्हणून आजोबांनी त्यांना ह्या ऑर्गनच्या कामाला धाडलं. रिकामं चर्च. भात्यावर कुणाचा पाय नाही, पट्टीवर कुणाचं बोट नाही, आणि अचानक एक स्वर वाजू लागला. लांब, थांबेचना. बाबा गुडघ्यांवर पडले. डोळ्यांतून धारा. तेवढ्यात तेव्हाचे पाळकसाहेब दारात आले, त्यांच्यामागे ऑर्गन वाजवणारी मुलगी, हातात गीतांची वही घेऊन. पाळकसाहेब ओरडले, "प्रभूनं ह्याला हाक मारली!" ती मुलगी म्हणजे आई. सहा महिन्यांनी तिनं बाबांशी लग्न केलं.

आता कारागिराच्या डोक्यानं बघा. भात्यावर वजनं असतात. पाय काढला तरी मिनिटभर हवा पुरते. झडपेत ढलपी अडकली की झडप मिटत नाही, आणि त्या मिनिटभरात नळी बोंबलत राहते. झडप असते खाली. उभ्यानं दिसत नाही. बघायची तर गुडघ्यांवरच बसावं लागतं.

आणि झाकण काढलं की शतकाची धूळ डोळ्यांत जाते. थोरलीच्याही आत्ता गेली होती. ती डोळे चोळत बाहेर आली, आणि तिला कळेना की हे धुळीनंच आहे की काय.

पाटी तिनं हत्यारांच्या पेटीत टाकली. पालथी.

*

घरी येताना तिनं ठरवलं होतं की आज घर डोक्यावर घ्यायचं. दार उघडलं तर घरातल्याच कारखान्याच्या लांब टेबलावर, जिथं एरवी नळ्या आडव्या पडलेल्या असतात, तिथं घोंगडी अंथरून आई बाबांच्या उद्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. कॉलर तिसऱ्यांदा. बासष्टाव्या वर्षी, नवऱ्याच्या कॉलरला, तिसऱ्यांदा. थोरलीनं दार हळूच लोटून घेतलं.

बाकीचे जमलेलेच होते. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी पाळक होता, उद्याचा संदेश द्यायला सकाळीच येऊन पोचला होता आणि खिडकीत बसून कागदावर खाडाखोड करत होता. आत्या, बाबांची मोठी बहीण, लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्यापाशी चहाचा कप घेऊन बसली होती आणि भांड्याला नाक मुरडत होती. बाबा त्यांच्या खुर्चीत. हात मांडीवर, एकावर एक दाबून धरलेले. दोन वर्षं ते हात थरथरत होते, म्हणून तर हवापेटी उघडायचं काम थोरलीकडे आलं होतं. त्याआधी त्यांनी कुणालाही त्या झाकणाला हात लावू दिला नव्हता.

"उघडलीस?" बाबांनी विचारलं.

"उघडली. कातडं कडक झालंय. बदलते आज."

"मी ते नाही विचारलं."

"दोन स्प्रिंगाही गेल्यात."

"थोरले." बाबा हळू बोलले. "वाचलंस का?"

इस्त्री थांबली नाही. थोरली आईच्या पाठीकडे बघत म्हणाली, "अंधार होता आत. काही दिसलं नाही."

छत्तीस वर्षांत ती बापाशी भांडली होती, दार आपटून गेली होती, चर्चला जाणं सोडून बसली होती, पण खोटं आज पहिल्यांदा बोलली. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग चक्क हसले.

"बघ," ते म्हणाले. "असंच होतं. समोरच्याचं तोंड बघितलं की असंच होतं. मी तुला ते वाचायलाच पाठवलं होतं, पोरी. मला तोंडानं सांगता येत नव्हतं."

"काय वाचायला?" धाकट्यानं मान वर केली.

आणि बाबांनी सांगितलं. त्यांना शब्दांची कमी कधीच नव्हती, त्यांच्या प्रार्थना लोक वहीत उतरवून घ्यायचे. पण आज त्यांनी कामाचं सांगतात तसं सांगितलं. झडप. ढलपी. भात्यातली उरलेली हवा. गुडघे कशासाठी टेकले. डोळ्यांत काय गेलं. पाळकसाहेब ओरडले तेव्हा ती ढलपी बाबांच्याच मुठीत होती.

इस्त्री थांबली.

पहिली बोलली आत्या. "मेल्या भात्या!" लहानपणी गाल फुगवून रडायचे म्हणून बाबांचं हे नाव, आणि ते फक्त आत्याच वापरू शकत होती. "आता सांगतोस? एकाहत्तराव्या वर्षी? गेली अडतीस वर्षं मी माझ्या सासरच्यांना 'माझा भाऊ, माझा भाऊ' करून उभं जाळलंय! आता त्यांना काय सांगू, ढलपी?"

"आत्या, गप्प बस जरा," थोरली म्हणाली.

"तू मला गप्प करू नकोस. तू तर देवाला मानतच नाहीस, तुला काय, तुझी तर दिवाळखोरी आधीच जाहीर आहे."

"मी देवाला मानत नाही असं कधी म्हटलं? मी कमिटीला मानत नाही."

"बाबा." धाकटा उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी सेमिनरीच्या मुलाखतीत हीच गोष्ट सांगितली होती. 'तुला बोलावणं आहे हे तुला कशावरून कळलं?' त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझ्या बापाला हाक आली तेव्हाच माझी पण ठरली. बारा वर्षं झाली. मी माणसांना पुरलंय, बाबा. मेलेल्या पोरांच्या आयांना मी ही गोष्ट सांगितलीय."

"माहीत आहे मला."

"मग मी कशावर उभा आहे? ढलपीवर?"

"तुला त्यानं बोलावलं की नाही, ते त्याला विचार," बाबा म्हणाले. "माझ्या ढलपीला विचारू नकोस. तिला काय कळतंय."

धाकट्याला हसू यायला नको होतं. पण घशातून काहीतरी निघालं, हसण्यासारखं, आणि तो पटकन खिडकीकडे वळला.

"उद्या नको," खिडकीकडे तोंड करूनच तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात सांगा. मी येतो. दोघं मिळून कमिटीपुढे जाऊ, नीट, शांतपणे..."

"बरोबर बोलतोय तो," थोरली म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. भाऊ-बहिणीचं एकमत ह्या घरात शेवटचं कधी झालं होतं, कुणाला आठवत नव्हतं. "उद्या नको. ते लोक फाडून खातील तुम्हाला. सकाळी मला तो चिटणीस पाटी देऊन गेलाय पितळेची. तुम्ही उठून हे बोललात तर तो ती पाटी गिळेल की तुम्हाला?"

"मग काय करू?" बाबांनी विचारलं. "उद्या पुन्हा तेच सांगू?"

"आजारी पडा."

"वा! म्हणजे खोट्यावर ताप."

आत्याला ते आवडलं, ती फुर्रकन हसली, आणि मग तिचं तिलाच काहीतरी सुचलं. "पण थांब रे. दारू सुटली ना तुझी? त्या दिवसापासून थेंब नाही. ती काय ढलपीनं सोडवली?"

"लाजेनं सुटली, ताई. सगळे बघत होते. देवाचा माणूस म्हणत होते. पिणार कसा?"

"मग ती लाज कुठून आली? दुकानात मिळते का? मिळत असती तर मी तुला लहानपणीच आणून दिली असती."

बाबांनी मान वर करून बहिणीकडे बघितलं. हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं, असं तोंडावरून दिसलं.

"ऐका," ते म्हणाले. "मला लोकांची भीती नाही असं नाही. आहे. पण माझं दुखणं वेगळं आहे. मी प्रार्थनेला बसतो ना, शब्द सुरेख येतात. तयारच असतात. पण त्याच्यासमोर बसायचं म्हटलं की मी आधी सावरून बसतो. फोटोला बसतात तसा. अडतीस वर्षं मी देवासमोर फोटोला बसलोय. त्याच्याशी एकदा बोललो नाही. कसा बोलणार? पहिलं वाक्यच खोटं असायचं. तोंड उघडलं की ती ढलपी आठवायची, मग मी आणखी सुंदर शब्द घ्यायचो, तिच्यावर टाकायला."

"आज सकाळी थोरली पेटी उघडायला गेली. मी इथं बसलो होतो. मला कळलं, आता झाकण निघालं असेल. मी म्हणालो, प्रभू, ती वाचेल आता. एवढंच. पुढे शब्दच सापडले नाहीत. पहिल्यांदा सापडले नाहीत. मी तसाच बसून राहिलो." त्यांनी हातांकडे बघितलं. "आवाज नाही, काही नाही. स्वर वाजला नाही. फक्त मी एकटा नव्हतो. तुम्हाला सांगतो, इतकं साधं असतं हे, मला ठाऊकच नव्हतं."

थोरलीनं त्यांचे हात बघितले. दाबून धरलेले नव्हते. मांडीवर सैल पडले होते, आणि थरथर होती, पण हात तिची पर्वा करत नव्हते.

मग आई बोलली. इतका वेळ ती पाठमोरीच होती.

"आणि तू रडत होतास ते?"

अडतीस वर्षांत तिनं नवऱ्याला 'तू' म्हटलं नव्हतं. आत्यानं कप खाली ठेवला.

"धूळ होती," बाबा म्हणाले.

"धूळ."

"हो."

"मी त्या गुडघ्यांशी लग्न केलं," आई म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "घरचे नको म्हणत होते. दारुड्या आहे म्हणत होते. मी म्हणाले, मी त्याला देवासमोर पडलेला बघितलाय. माझ्या डोळ्यांनी. तुम्हाला नाही दिसायचं ते, मला दिसलंय." तिनं इस्त्रीची वायर ओढून काढली. "मला दिसली होती धूळ!"

ती आत निघून गेली. आतून कपबशा धुतल्याचा आवाज येऊ लागला. सकाळीच धुतलेल्या कपबशा होत्या त्या, थोरलीला माहीत होतं. धाकटा उठायला लागला, तर आत्यानं त्याच्या हाताला धरून खाली बसवलं. "बस. हे पाळकाचं काम नाही."

बऱ्याच वेळानं आई दारात आली. हात ओले. पदराला पुसायचंही भान नव्हतं.

"मी दारात होते," ती म्हणाली. "तू उठलास. माझ्याकडे बघितलंस आणि हसलास. मग तूच खाली पडलेली माझी वही उचलून दिलीस. ते काय होतं?"

बाबांनी उत्तर शोधलं, प्रामाणिकपणे, हत्यार शोधतात तसं.

"ते मीच होतो," ते म्हणाले. "त्या दिवशी तेवढंच एक माझं होतं."

आई तशीच उभी राहिली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. कुणी समजू नये की म्हणाली. ती एवढंच म्हणाली, "उद्या मी ऑर्गनवर बसणार आहे. तुमच्यासाठी नाही. ऑर्गन नीट होतोय म्हणून." आणि टेबलाकडे येऊन तिनं पुन्हा इस्त्री लावली. सदऱ्याची एक बाही राहिली होती.

थोरली स्प्रिंगा शोधायला कपाटाकडे गेली. परत वळून बघते तर बाबा झोपले होते. भरदुपारी, खुर्चीत, तोंड उघडं, मान एका खांद्यावर. घोरणं म्हणजे असं की जुना भाता कुणी तुडवतंय. तिनं आपल्या बापाला दिवसा झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. रविवारच्या आधी तर शनिवार-शनिवार त्यांच्या पावलांनी फरशी झिजायची.

"बघा, बघा," आत्या पुटपुटली. "आपल्या सगळ्यांची झोप उडवली आणि स्वतः बघा." पण आवाज मऊ होता. तिनं उठून त्यांच्या मांडीवर घोंगडीचं टोक टाकलं.

"उद्या त्यांना बोलू दे," धाकटा खालच्या आवाजात म्हणाला. त्याच्या हातातला संदेशाचा कागद फाटलेला होता. मधोमध, नीट घडीवर. "मी आडवा येणार नाही."

"मी येणार होते आडवी," थोरली म्हणाली. "आता ह्यांचं हे घोरणं ऐकल्यावर कशी येऊ?"

*

चर्च भरून माणसं उभी होती. बाकांना नवं पॉलिश, त्याचा वास. थोरली तीन वर्षांनी आत आली होती आणि ऑर्गनच्या बाजूच्या छोट्या स्टुलावर बसली होती, कारागीर म्हणून. कुणी विचारलं तर हेच सांगायचं तिनं ठरवलं होतं. पुढच्या लाकडावर पाटी नव्हती. चिटणीसांनी ते बघितलं, तिच्याकडे बघितलं, भुवया उंचावल्या. तिनंही उंचावल्या.

ऑर्गनवर आई. पाठ ताठ. गीत झालं, वाद्य असं वाजलं की मागच्या बाकावरचे म्हातारे मान डोलवत राहिले. मग चिटणीस उठले आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले की ज्या साक्षीमुळे हे वाद्य दूरदूर ओळखलं जातं, ती आता आपण त्यांच्याच तोंडून ऐकू.

बाबा पुढे आले. इस्त्रीचा सदरा. त्यांनी टेबलाला हात लावला नाही, घसा खाकरला नाही.

"दरवर्षी मी तुम्हाला जे सांगतो, ते खरं नाही," ते म्हणाले. "स्वर वाजला होता. पण झडपेत लाकडाची ढलपी अडकली होती म्हणून वाजला. मी गुडघ्यांवर बसलो, कारण झडप खाली असते. डोळ्यांतून पाणी आलं ते धुळीनं. मला हे त्याच क्षणी माहीत होतं. पाळकसाहेब बिचारे खरंच समजून चालले. ते फसले, मी फसवलं. हे आत लिहिलेलं आहे, ज्याला बघायचंय त्यानं बघावं, पण त्यासाठी गुडघ्यांवर बसावं लागेल."

कुठंतरी एक मूल हसलं आणि त्याच्या आईनं चिमटा काढला असावा, ते गप्प झालं.

"तुम्ही माझ्यावर प्रेम केलंत. ते घेताना मला लाज वाटायची. आता मला तुमच्याकडून काही नको. एक गोष्ट करायची आहे. त्या दिवशी जी केली असं सगळे समजतात, ती."

ते ऑर्गनपाशी आले. थोरलीला म्हणाले, "झडप?"

"साफ आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "मी तपासलीय."

मग एकाहत्तर वर्षांचा तो माणूस एका हातानं बाकाची कड धरून खाली बसला. आधी एक गुडघा, मग दुसरा. वेळ लागला. हाडं वाजली, पहिल्या रांगेला ऐकू गेली. थोरली धरायला पुढे झाली, त्यांनी मान हलवली.

"प्रभू," ते म्हणाले, "मी आलोय."

एवढंच. ज्याच्या प्रार्थना लोक वहीत उतरवून घ्यायचे, त्याची ही प्रार्थना. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले, डोळे मिटून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काल दुपारच्या झोपेतलं तेच काहीतरी होतं. थोरलीला वाटलं, आपण बघू नये. कुणाच्या घरात चुकून डोकावल्यासारखं वाटलं. आणि तरी ती बघत राहिली. तिच्या ओठांवर एक शब्द आला होता. तो बाहेर पडला नाही, पण आला होता.

मग ते उठले आणि आपल्या जागी जाऊन बसले.

त्या चर्चची रीत अशी की साक्ष झाली की चिटणीसांनी "मंडळी?" म्हणायचं आणि सगळ्यांनी एका आवाजात आमेन म्हणायचं. अडतीस वर्षांत एकदाही ती चुकली नव्हती. चिटणीस उभे होते. हातात कार्यक्रमाचा कागद. ते कागदाकडे बघत होते, जणू पुढचं त्यात छापलेलं आहे. लोक चिटणीसांकडे बघत होते. कमिटीचे बाकीचे पाच जण आपापल्या बुटांकडे.

"आमेन," धाकटा म्हणाला, एकटाच, मोठ्यानं.

"आमेन, आणि काय!" आत्या म्हणाली.

ऑर्गनचं बाक करकरलं. आई उठली होती. ती गर्दीकडे वळली. अडतीस वर्षं त्या चर्चनं तिची फक्त पाठ बघितली होती.

"घरच्यांनी गप्प बसा," ती म्हणाली. "घरचं आमेन मला नको." मग तिनं चिटणीसांकडे बघितलं. "काल दुपारी मला ह्यांचं डोकं फोडावंसं वाटत होतं. अजून वाटतंय. ते माझं मी बघीन. पण आत्ता मी ह्यांना देवासमोर बघितलं. ह्या वेळी धूळ नव्हती, वाद्य माझ्या हाताखाली होतं, मला कुणी सांगायची गरज नाही. अडतीस वर्षं खोट्याला तुम्ही छाती भरून आमेन म्हणालात. मीसुद्धा म्हणाले, सगळ्यात मोठ्यानं. आज तो माणूस तीन शब्द खरे बोलला, तर तुमची दातखीळ बसली?"

चिटणीसांनी पुन्हा कागदाकडे बघितलं.

"कागदात नाही ते, चिटणीस. कागद ठेवा खाली. मी पुढचं गीत वाजवणार नाही. मी इथं उभी आहे." तिनं हाताची घडी घातली. "हं. बोला. मंडळी?"